सहा की सात?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण सांगतो. गेले चार महिने घरात एकच विषय होता, आणि तो असा की पुरुषमाणसं तो चारचौघांत काढत नाहीत. आमच्या मामांची प्रोस्टेटची बायोप्सी. "लिही खुशाल, नाव तेवढं घालू नकोस. चार लोक वेळेवर तपासून घेतील," असं मामाच म्हणाले, म्हणून लिहितोय. (प्रोस्टेटला मराठीत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात म्हणे. चार महिन्यांत एकाही डॉक्टरच्या तोंडून हा शब्द ऐकला नाही, त्यामुळे मीही वापरत नाही.)

मामा म्हणजे सांगलीचे. हळदीच्या एका अडत पेढीवर त्यांनी छत्तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. वय एकोणसत्तर. दवाखान्याची पायरी कधी चढले नाहीत याचा त्यांना भारी अभिमान. रात्री चार-चार वेळा उठावं लागायला लागलं तेव्हा मामीने हट्टाने रक्त तपासायला लावलं. पीएसए वाढलेला निघाला. मग एमआरआय, मग बायोप्सी. सुईने बारा ठिकाणचे बारा तुकडे काढले. एकेक तुकडा शेवईच्या काडीएवढा, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब. बारापैकी दोन तुकड्यांत कॅन्सर सापडला. रिपोर्टवर लिहिलं होतं: ग्लीसन स्कोअर ३+४=७, ग्रेड ग्रुप २.

घरात काय झालं असेल ते सांगायला नको. "सात म्हणजे दहापैकी सात ना?" असं मामी विचारत राहिल्या. युरॉलॉजिस्ट म्हणाले, ऑपरेशनचा विचार करू, पण त्याआधी स्लाइड आणि ब्लॉक मुंबईला दाखवून या. मग मी सांगलीच्या लॅबमधून त्या काचा आणि मेणाचे ठोकळे घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातले, आणि रात्रभर एसटीत तो डबा मांडीवर धरून मुंबईला गेलो. आठवड्याने तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा रिपोर्ट आला. त्यात होतं: ३+३=६, ग्रेड ग्रुप १.

त्याच काचा, तेच तुकडे. सांगलीत सात, मुंबईत सहा.

आता हा एक आकड्याचा फरक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. हे समजायला मला स्वतःला महिना लागला. मी डॉक्टर नाही, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. इमेज प्रोसेसिंग हा विषय दोन वर्षं शिकवला होता, तो इथे थोडा कामी आला.

अमेरिकेत मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात डोनाल्ड ग्लीसन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांनी १९६६ साली प्रोस्टेटच्या कॅन्सरची प्रतवारी करायची एक पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकेका पेशीत फार डोकावू नका, थोडं लांबून बघा आणि ग्रंथींची रचना कशी दिसते ते पाहा. त्यांनी रचनेचे पाच नमुने ठरवले आणि त्यांचं चित्र स्वतः काढलं. तिसऱ्या नमुन्यात ग्रंथी लहान लहान आणि दाटीवाटीने असतात, पण प्रत्येक सुटी असते. पेन्सिलने प्रत्येकीभोवती गोल काढता येईल अशी. चौथ्यात त्या एकमेकींत मिसळतात, चाळणीसारख्या होतात, किंवा धड आकारच धरत नाहीत. पाचव्यात ग्रंथी अशी उरतच नाही. सर्वात जास्त दिसणारा नमुना आणि त्याखालोखाल दिसणारा, अशा दोन आकड्यांची बेरीज म्हणजे ग्लीसन स्कोअर.

पुढे या पद्धतीत बदल होत गेले. आता बायोप्सीत सहाच्या खाली सहसा कुणी आकडा देत नाही. म्हणजे सहा हा सगळ्यात सौम्य आकडा, आणि पेशंटला मात्र तो दहापैकी सहा वाटतो! हा घोळ टाळायला २०१४ साली जगभरच्या युरो-पॅथॉलॉजिस्टनी एक ते पाच असे ग्रेड ग्रुप मान्य केले. ३+३ म्हणजे ग्रुप १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३, आठ म्हणजे ४, आणि नऊ-दहा म्हणजे ५. यातल्या ग्रुप १ला कॅन्सर म्हणावं की नाही, यावरच डॉक्टरांमध्ये वाद चालू आहे. त्यावर बहुतेक वेळा ऑपरेशन न करता नियमित लक्ष ठेवतात. ४ दिसला की मात्र बोलणं बदलतं. ऑपरेशन, रेडिएशन, त्यामागून येणारी लघवीवरचा ताबा जाण्याची भीती, आणि ज्याबद्दल मामा माझ्याशी बोलले नाहीत पण मामींशी बोलले असतील ते सगळं.

म्हणजे सगळा प्रश्न त्या एका '४'चा होता.

आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर रीतसर युद्ध झालं. न्यू जर्सीच्या मावसभावाने लिहिलं, "माणसांवर कशाला अवलंबून राहता? स्लाइड स्कॅन करा, एआयला द्या, दोन मिनिटांत उत्तर." त्यावर मोठी मावशी म्हणाली, "मशीनला काय कळतंय? देवाने डॉक्टरला डोळे कशाला दिलेत?" दोघांनाही चार-चार अंगठे मिळाले. मी तेव्हा काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मी तेव्हा नुसता चिडलो होतो, सांगलीच्या त्या पॅथॉलॉजिस्टवर. लहान गावात राहतो म्हणून आमच्या माणसाने महिनाभर मरणाच्या भीतीत काढायचा का, असं वाटत होतं.

त्याच तिरमिरीत काचा परत करायच्या निमित्ताने मी लॅबमध्ये गेलो आणि डॉक्टरांना भेटायचंच म्हणून बसून राहिलो. पन्नाशीचे असतील. दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. मला वाटलं होतं ते उखडतील. त्यांनी मुंबईचा रिपोर्ट दोनदा वाचला, डब्यातली काच काढून मायक्रोस्कोपखाली लावली, जरा शोधलं आणि म्हणाले, "या, बघा तुम्हीच."

गुलाबी-जांभळं काहीतरी दिसलं. ते सांगत गेले तसं हळूहळू उमगत गेलं. जांभळे ठिपके म्हणजे पेशींची केंद्रकं, गुलाबी म्हणजे बाकीचा भाग. मधे पोकळी असलेली गोल गोल वर्तुळं म्हणजे ग्रंथी. "आणि आता हा कोपरा." तिथे पाच-सहा पुंजके होते, त्यांना धड पोकळी नव्हती. "यांना मी चार म्हटलं. ग्रंथी नीट बनलेलीच नाही म्हणून. मुंबईवाल्यांचं म्हणणं असणार, की या तीनच्याच आहेत, फक्त कडेने कापल्या गेल्यात. भेंडी मधोमध चिरली तर चकतीत भोक दिसतं की नाही? पण कडेने तासली तर नुसती साल येते. तसं."

"मग बरोबर कोण?"

"त्यांचं बरोबर असू शकतं. माझंही. नेमक्या याच जागेवर सगळ्यात जास्त मतभेद होतात, भल्याभल्यांचे." थोडं थांबून ते म्हणाले, "मी दिवसभर पोट, थायरॉइड, स्तन, गर्भाशय, सगळं बघतो. प्रोस्टेट महिन्याला चार आले तर खूप. मुंबईत अशी शंका आली की ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला हाक मारतात. माझ्या शेजारी खुर्ची आहे, पण त्यावर फायली असतात."

खरंच होत्या. त्या खुर्चीकडे बघितलं आणि माझा राग गेला.

तिथून पुण्याला परत आल्यावर मी मावसभावाचं म्हणणं गंभीरपणे घेतलं. कॉम्प्युटरने प्रोस्टेटच्या काचा वाचण्याबद्दल जमेल तेवढं वाचून काढलं. ही काही कालपरवाची गोष्ट नाही. वीसेक वर्षांपूर्वी यात पुढे असलेल्यांपैकी एक म्हणजे मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेलेले अनंत मदाभुषी. २००७च्या आसपास त्यांच्या गटाची पद्धत अशी होती, की प्रत्येक केंद्रक म्हणजे नकाशावरचं एक गाव समजायचं. शेजारची गावं रेषांनी जोडायची, त्यातून होणारे त्रिकोण, अंतरं, दाटी मोजायची. जोडीला चित्राचा पोत मोजायचा, आणि त्या आकड्यांवरून तीन की चार ते ठरवायचं. ग्लीसन जे लांबून नजरेने बघत होते, तेच फूटपट्टीने. हे मला फार आवडलं, कारण यात यंत्र काय बघतंय ते आपल्याला सांगता येतं.

नंतर डीप लर्निंग आलं. आता काय मोजायचं ते कुणी सांगत नाही. हजारो चित्रं आणि त्यांची उत्तरं समोर ठेवायची, आणि यंत्राने आपलं आपण शिकायचं. २०२० साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का आणि नेदरलँड्सच्या रॅडबाउड या संस्थांनी मिळून 'पांडा' नावाची स्पर्धा घेतली. ६५ देशांतले १२९० लोक त्यात उतरले. त्यातल्या निवडक प्रोग्रॅमची मग युरोप-अमेरिकेतल्या नव्या काचांवर परीक्षा घेतली आणि २०२२ साली निकाल छापले. तज्ज्ञांच्या उत्तराशी जुळणी एकापैकी ०.८६च्या आसपास आली (इथे एक म्हणजे पूर्ण जुळणी). हा आकडा फार चांगला आहे.

तर मग मावसभाऊ बरोबर? थांबा जरा.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्राचे गुरुजी कोण? माणसंच. ज्या काचांवर तज्ज्ञांचं एकमत नाही, त्या काचांचं 'बरोबर उत्तर' यंत्राला शिकवणार कुठून? एकाच तज्ज्ञाची उत्तरं दिली तर ते त्याच्यासारखं बोलायला शिकेल. दहाजणांची सरासरी दिली तर सरासरीसारखं. भेंडीच्या त्या सालीबद्दल वरून कुणी येऊन खरं उत्तर सांगणार नाही. यंत्र रोज तेच उत्तर देईल, दमणार नाही, सोमवारी सात आणि शनिवारी सहा म्हणणार नाही. हा गुण मोठा आहे. पण रोज तेच सांगणं आणि बरोबर सांगणं यांत फरक आहे. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ रोज न चुकता सात मिनिटं पुढे असतं.

दुसरी गोष्ट अशी की यंत्र काच बघत नाही, काचेचा फोटो बघतं. एका लॅबचा रंग गडद, दुसऱ्या लॅबचा फिकट. एक स्कॅनर निळसर दाखवतो, दुसरा तांबूस. कुणी संशयाच्या जागी पेनने टिंब केलेलं असतं. माणसाला याने काही फरक पडत नाही, यंत्राला पडू शकतो. पांडातले प्रोग्रॅमसुद्धा परक्या काचांवर गेल्यावर काही निरोगी तुकड्यांना ग्रुप १चा कॅन्सर म्हणून मोकळे झाले होते. सांगलीच्या लॅबच्या रंगावर जे कधी तपासलंच नाही, त्याचं उत्तर सांगलीच्या माणसाला डोळे झाकून लावायचं?

मग मावशी बरोबर? तेही नाही. मावशी, रागावू नकोस, पण डोळे दिले म्हणजे दोन माणसांना एकच दिसतं असं नाही. ते आपण घरात भोगलंय.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो रॅडबाउडचाच आणखी एक अभ्यास, २०२१ साली छापलेला. चौदाजणांना १६० बायोप्सी दिल्या. आधी त्यांनी आपल्या आपण प्रतवारी केली, नंतर यंत्राचं मत शेजारी ठेवून. तज्ज्ञांच्या उत्तराशी त्यांची जुळणी ०.७९९ वरून ०.८७२ वर गेली आणि आपापसातला फरकही कमी झाला. अनुभव कमी असलेल्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे जिथे शेजारच्या खुर्चीवर फायली आहेत, तिथे यंत्राचा उपयोग सर्वात जास्त.

तर माझं मत असं. हे यंत्र मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत आधी येईल, कारण पैसा तिथे आहे. पण त्याची गरज तिथे सर्वात कमी आहे, कारण तिथे हाक मारायला माणूस असतो. ते यायला हवं सांगली, लातूर, रत्नागिरी, चंद्रपूरला. प्रत्येक लॅबने स्कॅनर घ्यावा असं मी म्हणत नाही, त्याची किंमत छोट्या लॅबला झेपणारी नाही. पण जिल्ह्याला एक स्कॅनर, तोही सरकारी मेडिकल कॉलेजात, आणि आसपासच्या लॅबनी शंकेच्या काचा तिथे पाठवायच्या, एवढं अशक्य नाही. एकदा काचेचा फोटो झाला की तो यंत्राला दाखवता येतो आणि मुंबईतल्या माणसालाही. मग स्टीलचा डबा मांडीवर घेऊन रात्रभर कुणी बसायला नको.

पण त्याला दोन अटी हव्यात.

एक, डॉक्टरांनी आपलं मत आधी लिहावं आणि यंत्राचं नंतर उघडावं. आधी उत्तर दिसलं की आपण ते पटवून घ्यायला लागतो. परीक्षेचे पेपर तपासताना आधीच्या परीक्षकाचे मार्क दिसले की माझं काय होतं ते मला ठाऊक आहे.

दोन, दोघांचं जुळलं नाही तर ते रिपोर्टमध्ये लिहावं. लपवू नये, आणि सरासरी तर मुळीच काढू नये. 'इथे शंका आहे, चौथा नमुना असला तर अमुक टक्के' एवढं वाक्य पुरे. ही टक्केवारी लिहावी असं त्या २०१४च्या बैठकीनेच सुचवलंय, तरी आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ती नव्हती. असती तर? युरॉलॉजिस्टनी नंतर सांगितलं की वाद होता तो भाग पाच टक्क्यांच्याही आतला होता. एमआरआयमध्ये काळजीचं काही नव्हतं. सहा म्हणा नाहीतर इतक्या थोड्या चारचा सात म्हणा, मामांच्या बाबतीत लक्ष ठेवून थांबणं दोन्हीत चालण्यासारखं होतं. ज्या एका आकड्यासाठी आम्ही महिनाभर झोपलो नाही, त्याने वाट फारशी बदलत नव्हती! शंका उघड लिहिली असती तर आम्ही कमी घाबरलो असतो, असं आता वाटतं. रिपोर्टवर शंका लिहिली तर पेशंट घाबरेल, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे.

ब्रिटनमध्ये सोळाशेहून अधिक पुरुषांना पंधरा वर्षं पाहिलं. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं, यातलं काय करायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. २०२३ साली निकाल आला. प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले ते शेकडा तीनहून कमी, आणि तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच. हे सगळ्यांना लागू नाही. तो आजार लवकर, ग्रंथीच्या आतच सापडलेल्यांचा अभ्यास होता, तेव्हा आपापल्या डॉक्टरांना विचारा. पण मामांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले.

राहिला सहीचा प्रश्न. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ साली प्रोस्टेटच्या काचा वाचणाऱ्या एका प्रोग्रॅमला पहिल्यांदा परवानगी दिली, ती संशयाची जागा दाखवण्यापुरती. निदान करायचं ते पॅथॉलॉजिस्टनेच. ते मला योग्य वाटतं, पण का योग्य ते मला नीट सांगता येत नव्हतं. ते मामांनी सांगितलं.

गेल्या रविवारी सांगलीला गेलो होतो. मी हे सगळं यंत्रपुराण सांगत होतो. मामा ऐकत होते, मामी शेंगा फोडत होत्या. मामा म्हणाले, "अरे, सौद्यात राजापुरीचा एक ढीग ओतला की दहा व्यापारी बघायचे. कांडी मोडायचे, रंग बघायचे, वास घ्यायचे. दोघांचा भाव कधी एक आला नाही. पण आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. का सांग? जो भाव बोलायचा त्याला ती पोती उचलावी लागायची. नुसतं बोलून पळता यायचं नाही."

"म्हणजे मशीन नको?"

"असू दे की. बघू दे त्यालाही. पण पोती कोण उचलणार ते आधी ठरवा."

मी त्या सांगलीच्या डॉक्टरांबद्दल विचार करत होतो. चुकलो असेन, असं तोंडावर म्हणाले, काच लावून दाखवली. ज्याच्याकडे मी भांडायला गेलो होतो, त्याला निदान भेटता तरी आलं. मावसभावाच्या दोन मिनिटांत उत्तर देणाऱ्या यंत्राशी भांडायला मी कुठल्या एसटीने गेलो असतो?

असो. मामांचा पुढचा पीएसए तीन महिन्यांनी आहे, आणि वर्षाने परत बायोप्सी. ते पुन्हा सकाळी बागेत फिरायला लागलेत आणि तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना "तपासलंस का?" म्हणून भंडावून सोडतायत. या वेळी काचा कुठे दाखवायच्या, असं मी विचारलं तर म्हणाले, "इथेच. त्या डॉक्टरकडेच. आणि मग पाहिजे तर तुझं ते मुंबई."

तुमच्यापैकी कुणी पॅथॉलॉजीत असेल, किंवा कुणाच्या घरात अशा दोन रिपोर्टांचा अनुभव असेल, तर जरूर लिहा. विशेषतः माझ्या त्या रिपोर्टमधल्या शंकेच्या अटीबद्दल. मी चुकत असेन तर तेही सांगा.